न विचारता नेलेली संत्री

आमच्या पांढुर्ण्यात आजाऱ्याला भेटायला येणारा संत्रीच आणतो. त्र्याऐंशी साली आई घशाच्या कॅन्सरसाठी नागपूरहून शेक, म्हणजे रेडिएशन, घेऊन आली, तेव्हा तिची चव गेली होती आणि पाणीही झोंबत होतं. पलीकडच्या गल्लीतली, पूर्वी हाच शेक घेतलेली एक बाई रोज तिच्याजवळ बसायची आणि जाताना न विचारता संत्री उचलून न्यायची. मला ते आवडायचं नाही.

"मलेबी तवा संत्रं समोर दिसलं का खावंसं वाटे," ती आईला सांगायची, "मंग घशाच्या आगीनं रडत बसो मी."

काही महिन्यांनी, फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री उतरली तेव्हा तीच एक संत्रं घेऊन आली. सोलून, शिरा काढून एक फोड आईच्या हातावर ठेवली. "आता खाऊन पाहा, बाई."

आईनं तोंड वाकडं केलं. "आंबट हाये."

"हाये ना?" ती म्हणाली, आणि त्या दिवशी रिकाम्या हातांनी घरी गेली.