मावशीची बटई

सुभद्रामावशी कॅमेऱ्यासमोर कधी रिकामी बसली नाही. प्रसंग भांडणाचा असो की रडण्याचा, पुढ्यात निवडायला सूपभर डाळ हवीच. "रिकाम्या हातानं भांडता येत न्हाई मला," म्हणायची. तीर्थपुरीतल्या आमच्या गल्लीची ही म्हातारी आमच्या वेब मालिकेत सासू झाली आणि मालिका तिच्याच जिवावर चालली.

भाग आम्ही इंटरनेटवर फुकट टाकायचो. जाहिरातींचे पैसे कसे वाटायचे यावर आमचा घोळ चालला, तेव्हा मावशीनंच निकाल लावला. बटई. कॅमेरा म्हणजे रान. निम्मं रानवाल्याचं, निम्मं राबणाऱ्यांचं. कॅमेरा माझा होता, त्यामुळे मला हे फारच पटलं.

पुढे मुंबईच्या एका अ‍ॅपनं मालिका मागितली. किंमत एकरकमी, फुकटचे भाग काढून टाकायचे आणि पुढे कितीही लोकांनी पाहिली तरी आम्हाला वाटा नाही. मी वाटा मागून पाहिला, ते बधले नाहीत. सही करून टाकली. आलेले पैसे बटईनंच वाटले, पण यापुढे काही येणार नाही, हे मावशीला सांगायचं मी टाळलं.

एकदा घनसावंगीहून परतताना ती जीपमध्ये भेटली. मोठी खुशीत होती. गल्लीतल्या बायांना मालिका दिसेना, म्हणून तिनं पदरचे पैसे घालून त्यांच्या फोनवर अ‍ॅपचं पॅक मारून दिलं होतं. एवढा खर्चा कशाला, असं मी चाचरत विचारलं.

"खर्चा कशाचा रे? जेवढ्या बाया पाहतील तेवढं आपल्याच खळ्यात येणार. निम्मं तुझं, निम्मं आमचं. बराबर हाय ना?"

मी "बराबर" म्हणालो. जीपमध्ये लोक होते, घरी गेल्यावर सांगू म्हटलं. घरी तिनं चहा पाजला आणि माझी जीभ उचललीच नाही. पॅक संपलं की ती पुन्हा भरायची. वाटा का येत नाही, असं कुणी विचारलंच तर "सुगी व्हायची हाय अजून," म्हणून माझीच बाजू घ्यायची. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेली. तेराव्याला बाया तिला पाहायला एका फोनभोवती जमल्या, तर पॅक संपलेलं. तिच्या चेहऱ्यावर कुलपाचं चित्र. मीच पैसे भरले. सूप पुढ्यात घेऊन मावशी सुनेशी भांडू लागली.

शेजारच्या कांताकाकूंनी डोळे पुसले. "चला, तेवढाच मावशीचा वाटा वाढला असंल."

मी हो म्हणालो.