आप्पानं मोटारीला पाजलेलं पाणी

आप्पा गेल्याचं त्याच्या थोरल्या भावानं स्वतः येऊन सांगितलं. मी दाढीला बसलो होतो, एका गालाला साबण तसाच. ते ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "दौलतराव, आप्पा गेला. झोपंतच." मी तोंड पुसलं आणि तसाच मंगळवार पेठेत गेलो. त्याला आता महिना होत आला. मला रडणं जमत नाही, राग मात्र पटकन येतो. आणि ज्याच्यावर मी हक्कानं रागवायचो तोच आता नाही...

तवनाप्पा, म्हणजे आमचा आप्पा, गुळाचा व्यापारी. जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकणारं. मी मराठा गडी, जेवणाखाण्यात त्याच्या अगदी उलट, पण तालमीत जुळलेलं आमचं मैत्र ताटावरून कधी बिघडलं नाही. महाराजांची मोटार रस्त्यानं गेली की आम्ही दोघं थांबून बघायचो, तरी आपण मोटार घ्यावी असं त्याच्या मनातही नव्हतं. ती त्यानं घेतली धाकट्या बहिणीसाठी. पद्मा कोडोलीला दिलेली. तिची दोन बाळंतपणं अडली आणि दोन्ही मुलं हाती लागली नाहीत. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी बजावलं, की दिवस भरण्याआधी तिला कोल्हापुरात आणून ठेवा आणि बैलगाडीचे हादरे बसू देऊ नका. त्याच सुमारास एक साहेब विलायतेला परत निघाला होता. त्याची वापरलेली मोटार आप्पानं घेतली, आणि त्याच्या ड्रायव्हरकडून आम्ही दोघंही चालवायला शिकलो.

घरी आणून पूजा केली, नारळ फोडला आणि हौसेनं कसबा बावड्याकडे निघालो. अर्ध्या वाटेत पुढून वाफेचा लोट उठला. शेजारच्या उसातून एक गडी कमरेवर हात ठेवून बाहेर आला आणि म्हणाला, "पावणं, काकवी उकळाय घातलीया व्हय?" आप्पा पोट धरून हसला. माझं डोकं मात्र मोटारीइतकंच तापलं. साहेबानं फसवलं, विकून टाक, असं मी घरी पोचेपर्यंत ऐकवत राहिलो. मग पेठेतल्या प्रत्येकानं आपापली अक्कल चालवली. पंख्याचा पट्टा ताणून झाला, तेल बदलून झालं, पाणी कुठं गळतं का तेही वाकून वाकून पाहिलं. थेंबही गळत नव्हता, आणि मोटार रोज उकळत होती. तेवढ्यात कोडोलीहून सांगावा आला, की पद्माचे पाय सुजलेत, आता फार दिवस थांबता येणार नाही.

त्या दुपारी आप्पा मोटारीसमोर पाट मांडून बसला. मग म्हणाला, "दौलत, साहेबाकडं ही उकळत न्हवती. मग आपल्याकडं आल्यावर आपुन हिला काय केलं?" मी म्हटलं, पूजा केली, दुसरं काय. त्यानं इंजिन सुरू केलं, थोडं तापू दिलं आणि पुढच्या पाण्याच्या टाकीला वर हात लावला. चटका बसला. मग खाली लावला, तर रांजणासारखी गार. वरचं गरम पाणी खाली उतरतच नव्हतं. मध्ये काहीतरी अडलं होतं.

इंजिन बंद करून, मोटार पुरती निवल्यावर त्यानं झाकण काढलं आणि तारेचा आकडा करून आत फिरवला. बाहेर आलं ते त्याच्या आईचं, अव्वांचं, पाणी गाळायचं जाड फडकं! त्यांच्या घरात न गाळलेलं पाणी कशालाच वापरत नाहीत. पूजेच्या दिवशी आप्पानं मोटारीलाही गाळूनच पाणी पाजलं होतं, आणि कळशीच्या धारेसरशी फडकं आत गेलं होतं. अव्वांना वाटलं त्यानं उचललं, त्याला वाटलं अव्वांनी नेलं. पाणी गाळलं की फडक्यातले जीव विहिरीत परत सोडायचे, हा त्यांचा नेम. आप्पा त्या भिजक्या फडक्याकडे बघत राहिला. मी हसत होतो, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "सगळं जीव उकाळलं की रं," एवढंच म्हणाला. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अव्वांना घेऊन आम्ही कोडोलीला गेलो. येताना चढावरही वाफ धरली नाही. मागे पद्मा अव्वांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. आठवड्यानं तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

त्यानंतर पंचक्रोशीतली कुठलीही बाई अडली, की माणसं जातपात न विचारता आप्पाच्या दाराशी येत आणि तो दुकान टाकून निघे. मी त्याला वेडा म्हणायचो. मोटारीतलं पाणी बदलायला मात्र अव्वांनी फडक्याला लांब नाडी शिवून दिली होती, आणि ती मनगटाला बांधल्याशिवाय आप्पा झाकण उघडत नसे.

परवा पद्मा माहेराहून सासरी निघाली. मोटार तशीच उभी होती, धुळीनं भरलेली. घरात ती विकायची बोलणी चालली होती आणि मीही मान डोलावत होतो. पद्मानं पोरीला कडेवर घेतलं आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दौलतदादा, मोटार इकायची न्हाय. कोडोलीत अजून बायका हायत की."

मी बाह्या सारल्या, अव्वांकडे फडकं मागितलं आणि नाडी मनगटाला बांधायला हात त्यांच्यापुढे धरला.