डाव्या हाताचे सूर

बाबा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचे, हे मी पुण्यातल्या मित्रांना कधी सांगितलं नव्हतं. बाबांची गाण्यांची वही मात्र मला एकदम कामाची वाटली. लिहिलेल्या गाण्यातला स्वरमेळ तपासणारा प्रोग्राम मी केला होता. वरची चाल आणि डाव्या हाताने एकत्र दाबलेले सूर जुळतात का, हे तो बघायचा आणि न जुळलेले लाल करायचा.

दिवाळीत गावी, सौंदडला आलो, वहीतली गाणी कॉम्प्युटरमध्ये भरली आणि पानंच्या पानं लाल झाली. गप्प बसायचं ना? पण अर्ध्या हळकुंडाने पिवळा होऊन मी ती छापून घेतली आणि दुपारच्या तालमीत, सगळ्या नाटक मंडळीसमोर, बाबा कुठे कुठे चुकतात ते वाचून दाखवलं. दोघंतिघं हसले. बाबांनी कागदांची घडी करून खिशात ठेवली.

"मशीन सांगून रायली त असन," एवढंच म्हणाले.

त्या हंगामात ते एकाच हाताने वाजवत राहिले. डावा हात मांडीवर. पुढच्या वर्षी मंडळीने गोंदियाचा एक कीबोर्डवाला घेतला. आईने फोनवर हे सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, बरं झालं, आराम मिळेल त्यांना. ते वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात.

चूक माझी होती आणि ती मला दोन वर्षांनी सापडली. बाबा चाल सरगममध्ये लिहीत, गाणाऱ्याचा सा धरून. डाव्या हाताचे सूर मात्र ऑर्गनवरच्या पट्टीच्या नावाने लिहीत: काळी दोन, पांढरी पाच. कुणाचा सा कुठला, ते प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर लिहिलेलं असे. ती ओळ भरायचा मी कंटाळा केला होता आणि सगळ्यांचा सा पांढरी एक धरला होता, त्यामुळे चाल भलत्याच पट्ट्यांवर सरकली होती. ओळ भरून पाहिली, तर लाल खुणा दोनच उरल्या. ते सूरही माझ्याच हातून चुकीचे भरलेले.

गावी गेलो तेव्हा बाबा अंगणात धान वाळवत होते. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. ते रागावले नाहीत, म्हणाले, त्यांना हे तालमीतच कळलं होतं, पहिल्याच पानाला. मग तेव्हाच काऊन नाही सांगितलं, मी विचारलं.

"चार लोकायसमोर पोराले खोटा पाडू काय?" बाबा म्हणाले आणि धान पसरू लागले.