खिडकीतून टाकलेला टॉवेल

सोलापूरच्या स्टँडवर सकाळी बार्शीची गाडी लागते, तेव्हा नुसता दारातून चढणारा माणूस वेडा समजावा. शहाणा आधी खिडकीतून रुमाल, पिशवी, टोपी, जे हाताला लागेल ते सीटवर टाकतो आणि मग निवांत चढतो. टाकलेल्या रुमालाला कुणी हात लावत नाही. लावला तर भांडण होतं, आणि भांडणात मी कधी मागे नसते.

मी टॉवेल टाकायचे. माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, घरी मशीनवर बसून कारखान्याच्या टॉवेलांच्या कडा मारायच्या. हा त्यातलाच एक, फिकट हिरवा, कड वाकडी गेल्यामुळे डागी ठरून घरात राहिलेला. आधी जागा धरायला लागायचा, आणि अक्का खिडकीशी बसल्या की चार घड्या होऊन त्यांच्या डाव्या काखेखाली जायचा. त्यांचा डावा स्तन काढला होता, काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. हात सुजायचा. गाडी खड्ड्यात गेली की तो खिडकीच्या दांडीवर आपटायचा, आणि बार्शीच्या हॉस्पिटलात शेक घ्यायला तर रोज जायचं होतं. रेडिएशनला आमच्यात सगळे शेकच म्हणतात.

अक्कांचं आणि माझं फार सख्य होतं, असं मी म्हणणार नाही. एका घरात दोन चुली आणि नळ एक. सोलापुरात पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी कुणाची घागर आधी, यावर आम्ही उभा जन्म भांडलो. पण गाठीचं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते मला, भाऊजींना नाही. पाणी भरून झालं होतं. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "हितं कायतरी लागतंय. बघ की."

मी हात लावला. आवळ्याएवढी गाठ होती.

"कधीपासनं?"

"दिवाळीपासनं आसंल."

दिवाळी होऊन उन्हाळा लागला होता. माझा आवाज चढला. त्या शांतपणे म्हणाल्या, "दुखत न्हवतं की गं. दुखलं असतं तर सांगितलं नसतं व्हय?"

या वाक्याचा मला आजही राग येतो. दुखत नाही म्हणजे काही नाही, हे आम्हा बायकांना कुणी शिकवलं कोण जाणे. डोकं दुखलं, दात दुखला तर आम्ही घर डोक्यावर घेऊ. पण न दुखणाऱ्या गाठीला दिवाळी, लग्नसराई, पाहुणेरावळे सगळं झाल्यावर वेळ मिळतो.

ऑपरेशनच्या आधी एक तरुण डॉक्टरीण आली होती. काढलेल्या गाठीतला तुकडा संशोधनासाठी ठेवायला परवानगी द्याल का, म्हणून विचारत होती.

"त्यानं मला काय फरक पडंल का?" अक्कांनी विचारलं.

"नाही काकू. तुम्हाला नाही. पुढे कुणाला तरी पडेल कदाचित."

"मग घ्या की. घरी नेऊन त्याचं लोणचं घालू व्हय?"

डॉक्टरीण हसली. मला हसू आलं नाही.

शेकाच्या पहिल्याच दिवशी माझं भांडण झालं. मी टाकलेल्या टॉवेलावर एका बाईनं आपली काळी पिशवी ठेवली होती. "आयत्या बिळावर नागोबा," मी तिला ऐकू जाईल असं म्हणाले आणि पिशवी उचलून बाजूला केली. तिची नजर अक्कांच्या हाताकडे गेली, ब्लाउजच्या गळ्याशी दिसणाऱ्या, शेकासाठी काढलेल्या निळ्या शाईच्या खुणेकडे गेली. मग तिनं आपली ओढणी जराशी सरकवली. तिच्याही गळ्याखाली तशीच खूण होती.

"आपाकू खिडकी देव," ती म्हणाली. "मेरेकू नक्को."

त्या दिवसापासून ती आमची भाभी झाली. मग दोन-तीन बायका आणखी भेटल्या. कुणाबरोबर सून असायची, कुणाबरोबर कुणीच नसायचं. जी आधी येईल तिनं सगळ्यांसाठी जागा धरायची, असं न ठरवताच ठरलं. कोण कशानं उलटी थांबवतं, भाजलेल्या कातडीला काय लावलेलं चालतं हे डॉक्टरांना विचारून एकमेकींना सांगायचं, केस गेलेल्या डोक्याला कुणी हसलं तर त्याच्याकडे मी बघायचं. हे काम मला चांगलं जमायचं.

अक्कांनी मात्र वेगळंच काम धरलं. गाडीत शेजारी कुणीही बाई बसली, की वैराग गावाच्या अलीकडेच त्या तिला विचारायच्या, "कवा तपासून घेतलंय का? दुखत न्हाय म्हणून बसू नका. माझं दुखत न्हवतं." कॉलेजच्या पोरी लाजून खिडकीबाहेर बघायच्या. म्हाताऱ्या तोंडाला पदर लावायच्या. मी म्हणायचे, "अक्का, बायकांना अर्धं तिकीट आहेच, तुम्हाला आता तेवढंही लावू नका म्हणून सांगते कंडक्टरला. भाषण फुकट होतंय."

"तू गप गं," त्या म्हणायच्या. "एकीनं जरी ऐकलं तरी बास."

शेक संपले. अक्का बऱ्या झाल्या, निदान आम्ही तसंच धरून चाललो. केमोनं गेलेले केस परत आले, तेही कुरळे, आणि त्यांना त्याचा फार अभिमान. तरी अधूनमधून त्या सकाळी आवरून बसायच्या. "चल, जाऊन येऊ. त्या नव्या बाईसंगं कुणी न्हाय." मी कुरकुर करत टॉवेल घ्यायचे. नळावर माझ्याशी भांडणारी ही बाई दुसऱ्यांच्या जागांसाठी पहाटे उठत होती, आणि मला ते आवडत होतं. त्यांना मी तसं सांगितलं नाही. आमच्यात तसं सांगत नाहीत.

मग त्यांची कंबर दुखायला लागली.

एवढ्या एसटीच्या धक्क्यांनी कुणाची दुखणार नाही? पाणी भरायला मी त्यांना देत नव्हते, तरी चोरून एखादी कळशी त्या उचलायच्याच. मी बाम चोळला, विटकर गरम करून शेकलं. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला एसटीची कंबर म्हणून टाकलं. न दुखणाऱ्या गाठीला भ्यायचं हे अक्कांनी अख्ख्या बार्शी रस्त्याला शिकवलं होतं. दुखणाऱ्या कमरेला भ्यायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. तपासणीत कळलं, तेव्हा ते हाडांत उतरलेलं होतं.

शेवटी त्या अंथरुणातून उठत नव्हत्या. तो टॉवेल काखेखाली तसाच असायचा. खोबरेल तेलाचा आणि मलमाचा वास त्यात मुरला होता. एकदा मी तो धुवायला काढला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पाण्याचा दिवस न्हाय आज." दोन दिवसांनी पाणी आलं. नळावर मी एकटी होते. माझी घागर आधी लागली, आणि मला ती उचलवेना. अक्का त्या पहाटे गेल्या होत्या.

टॉवेल मी कपाटात ठेवला. धुतला नाही. कपाट उघडलं की वास यायचा, तेवढ्यासाठी मी ते दिवसातून कितीदा तरी उघडायचे.

काही महिन्यांनी भाभीचा फोन आला. "ताई, कल आव. एक नई लडकी है, अकेली आती. मेरेसे भीड में होता नै अब."

कपाटातला टॉवेल पिशवीत घालून मी गेले. गाडी लागली, सवयीनं हात वर गेला आणि टॉवेल खिडकीतून आत पडला. मी चढून शेजारी बसले. गाडी भरली. एक पोरगी आली, पंचविशीच्या जराशी पुढची, एक हात पदरात जपलेला.

"हितं कुणी येणार हाय का?"

तिच्यासाठीच तर जागा धरली होती. पण टॉवेलाकडे बघत मी म्हणाले, "हो."

ती मान हलवून दांडीला धरून उभी राहिली. मागच्या सीटवरून भाभीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, नुसता ठेवला. गाडी स्टँडबाहेर वळताना पोरगी कलंडली, आणि पडू नये म्हणून तिनं नको तो हात वर केला. तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. तो चेहरा मी रोज बघत आले होते.

मी टॉवेल उचलला. "ये, बस."

ती खिडकीशी बसली. वैरागच्या अलीकडे मी विचारलं, "उशिरा कळलं का गं?"

"गाठ आधीच लागली होती मावशी. पण दुखत न्हवतं की."

अक्का असत्या तर तिला पुढं काय काय सांगत राहिल्या असत्या. मी टॉवेलाच्या चार घड्या केल्या आणि तो तिच्या काखेखाली सारला.

"घामानं खराब हुईल की तुमचा."

"होऊ दे," मी म्हणाले.

संध्याकाळी घरी आले. पाण्याचा दिवस नव्हता. साठवलेल्या पिंपातलं पाणी काढून मी तो टॉवेल धुतला आणि मोरीतच बसून पोटभर रडले. मग पिळून दोरीवर टाकला. सकाळपर्यंत वाळायला हवा होता.