जस्ताला पारा

आमचे हे सोलापूर स्टेशनातल्या तारऑफिसात बॅटऱ्या सांभाळायचे. लग्न होऊन मी करकंबहून आले तेव्हा नवरा नेमकं काय करतो हेच मला कळेना. काचेच्या बरण्यांत नवसागराचं पाणी आणि त्यात जस्ताच्या कांड्या, त्यावर म्हणे तारा चालायच्या. पाणी बदललं की बॅटरी पुन्हा ताजी व्हायची, कांडी मात्र खड्डे पडून झिजायची. तार बंद असली तरी झिजायची, याचा त्यांना फार राग. मग ते कांडी तेजाबाने साफ करून फडक्याने तिच्यावर पारा चोळायचे. पारा चढलेली कांडी चांदीसारखी लकाके आणि पुष्कळ दिवस टिके.

जस्ताला एवढं जपणारा माणूस पाऱ्याच्या दिवशी मला मात्र हात लावायचा नाही. पारा लागला की सोनं पांढरं पडतं, आणि माझ्या मंगळसूत्रात सोन्याच्या दोन वाट्या. राखेने दहादा हात धुतले तरी ते लांबच बसायचे.

"त्या कांडीला बरं चोळत बसताय. मी बी बसल्या जागी झिजतीया की," मी एकदा फणकाऱ्याने म्हटलं. "घडीभर मंगळसूत्र काढून ठिवते."

ते अंगावरच आले. "जित्या नवऱ्याचं मंगळसूत्र काढतीस? खुळी हायस का?"

मग मी रोज मनात म्हणू लागले, कांड्या टिकू देत. जितक्या टिकतील तितके पाऱ्याचे दिवस कमी. आणि खरंच टिकू लागल्या. साहेब खूश झाला. त्या शहाण्याने काय करावं? लायनीवरच्या सगळ्या स्टेशनांच्या कांड्या यांच्याकडेच धाडायला लावल्या! म्हणजे आता रोजच पारा. हे हरखून सांगत होते आणि मी भाकरी थापता थापता रडत होते. त्यांना वाटलं, चुलीचा धूर लागला.

दिवाळीला चार दिवस रजा मिळे. तेवढाच काय तो त्यांचा हात माझ्या खांद्यावर. तेवढ्यावर मी वर्ष काढायची, आणि त्यांना हे कधी सांगितलं नाही.

ते गेले त्या दिवशी शेजारणींनी माझ्या गळ्यातलं काढून घेतलं. सगळ्या मला धरून रडत होत्या. मला एकच वाटत होतं, आता अंगावर गुंजभरही सोनं नाही. त्यांनी ऑफिसातून तसंच यावं, हात न धुता यावं, आणि मला जवळ घ्यावं.