आज कोण न्हाय?

"आज कोण न्हाय?"

मैदानात पाय ठेवला की तात्यांचा पहिला प्रश्न हा. कोण कोण आलंय, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. दिवस कलायला लागलेला, उसाच्या शेंड्यांवर पिवळं ऊन अडकलेलं, समोर वीस-पंचवीस पोरं-पोरी. तात्या त्यांच्यावरून सावकाश एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "माळावरचा दत्त्या न्हाय." मग आलेल्यांना "चालू द्या" असं सांगून स्वतः दत्त्याच्या घराकडं निघायचे. आलेले खेळत राहायचे. तात्या न आलेल्याला घेऊन परतायचे.

त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. लहानपणी तेही कळपामागं पुष्कळ हिंडलेले. मी एकदा म्हटलं, "तात्या, हजेरीची वही करून देतो, रोज मोजत जा." तर हसले. "मोजलं की आकडा कळतो, सेक्रेटरी. कुठलं न्हाय, ते कळत न्हाय."

सेक्रेटरी म्हणजे मी. कळस गावातल्या आमच्या क्रीडा मंडळाचा. इंदापूरला कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, त्यामुळं कागदाचं काम आपोआप माझ्याकडं आलं. तात्या गावच्या नळांना पाणी सोडायचे. व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी कायम खांद्यावर. सगळ्या आळ्यांचं पाणी झालं की टाकीत उरलेलं तळातलं पाणी पाइपानं कबड्डीच्या मैदानावर शिंपडायचे. ती ओल्या मातीची संध्याकाळ मला अजून दिसते. बसलेली धूळ, राखेनं आखलेल्या रेघा, आणि लांबून ऐकू येणारा पोरांचा कबड्डी-कबड्डीचा एकसारखा सूर, झोपेत कुणी गुणगुणावं तसा.

अशी माणसं तुमच्याही गावात असतील. गंमत अशी, की तात्या स्वतः कधी कबड्डी खेळले नव्हते. नियम ते पोरांनाच विचारून विचारून शिकले, तेही अर्धेच. पोरं भांडत आली की दोन्ही बाजू नीट ऐकून घ्यायचे आणि निकाल द्यायचे, "मला काय कळलं न्हाय. परत खेळा."

पोरी यायला लागल्या तेव्हा एकीची आई चावडीपाशी त्यांना आडवी आली. "तात्या, उद्या लगीन करायचंय तिचं. हात मोडला म्हंजी?"

"घरात बसून बी मोडतोय की. माझा बाजंवरनं पडून मोडला."

"तुमचं लगीन झालं हुतं तवा."

"व्हय, म्हणून तर कुणी इचारलं न्हाय."

ती बाई हसली आणि तिथंच हरली. दुसऱ्या दिवशी पोरगी मैदानात होती.

स्टँडच्या कट्ट्यावर मोबाइलात मान घालून बसलेल्या पोरांपुढं ते नुसते उभे राहायचे. बोलायचे नाहीत. शेवटी एखादा वैतागून मान वर करायचा. "काय, तात्या?"

"काय न्हाय. बघतोय मान वर हुतीया का."

त्यांचा एकच कायदा होता. "रोज येतो त्यो खेळतो." चांगला खेळणारा आणि वाईट खेळणारा असा भेद त्यांच्या डोक्यात नव्हताच. किरण हा त्या कायद्याचा पहिला मानकरी. सतरा वर्षांचा, काडीसारखा. चढाईला गेला की हमखास बाद होऊन यायचा. पण दोन वर्षांत एक संध्याकाळ चुकवली नाही. तात्या त्याला म्हणायचे, "तू बाद हो. पर ये."

आता मला जे सांगायचंय ते सांगतो. इतकी वर्षं सांगितलं नाही.

कन्हेरीला स्पर्धा होती. आमचा संघ पहिल्यांदाच गावाबाहेर निघणार होता. तात्यांनी बारा नावं सांगितली, सगळी रोज येणाऱ्यांची. त्यात किरण आणि त्याच्यासारखेच तिघे. प्रवेशाच्या कोऱ्या फॉर्मवर खाली, प्रशिक्षक म्हणून, त्यांनी आधीच सही करून ठेवली. "नावं तू टाइप कर. तुझं अक्षर मशिनीचं हाय," म्हणाले.

आमच्या भागात स्पर्धेला बाहेरचे तयार गडी आणून आपल्या गावच्या नावानं उतरवायची जुनी खोड आहे. सगळेच करतात. मला कप हवा होता. मंडळाच्या कपाटात एकही कप नव्हता, आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याकडं होती. मी दुकानात बसलो, बाहेरच्या चार गड्यांशी फोनवर बोललो, आणि किरणसह चौघांची नावं गाळून त्यांची घातली. खाली तात्यांची सही होतीच. तात्यांना काही सांगितलं नाही. पोरांनाही नाही. मला वाटलं, जिंकल्यावर सगळं विसरतील.

कन्हेरीच्या मैदानावर किरण टेम्पोतून उतरला तो नवी जर्सी घालूनच. पाठीवरचा आकडा त्याच्या आईनं शिवला होता, थोडा तिरका. टेबलापाशी पंचांनी यादीवरून बोट फिरवलं. "तुझं नाव नाही, बाळा."

किरणनं कागद मागून घेतला. वरून खालपर्यंत वाचला. खालची सही बघितली आणि तात्यांकडं बघितलं.

तात्या पुढं आले. कागद डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ वाचत राहिले. मग एकदाच माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी कदाचित तिथंच बोललो असतो. मैदानात नजर फिरवून कोण न्हाय ते शोधायचे, तशी ती नजर होती.

"सही माझीच हाय," ते म्हणाले आणि कागद पंचांना परत दिला.

का म्हणाले, मला माहीत नाही. उरलेल्या आठ पोरांचा खेळ मोडू नये म्हणून, की कोऱ्या कागदावर सही केली ही आपलीच चूक असं वाटलं म्हणून. मी चार पावलांवर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर पुरलं असतं. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. नाडी सुटलेली नव्हती.

आम्ही जिंकलो. येताना टेम्पोत गुलाल होता, हलगी होती. गाळलेले चौघं मागच्या फळीला टेकून बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते चौघं मैदानात आले नाहीत. तात्या घरोघर गेले. स्टँडच्या कट्ट्यावर किरणपुढं जाऊन उभे राहिले, नेहमीसारखे. किरणनं मान वर केली नाही. "रोज येतो त्यो खेळतो म्हणला हुता तुमी," एवढंच बोलला. कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मी एसटीची वाट बघत बसलो होतो. मी ऐकलं.

रोज येऊन उपयोग नाही, हे पोरांना एकदा कळलं की मैदान रिकामं व्हायला वेळ लागत नाही. पावसाळा संपेपर्यंत दहा राहिले, मग चार. पोरी तर आधीच थांबल्या. तात्या मात्र रोज पाणी शिंपडत राहिले. ओल्या, मोकळ्या मैदानाच्या कडेला चावी टेकवून एकटेच उभे असलेले मला एसटीच्या खिडकीतून दिसायचे. कप मंडळाच्या कपाटात होता.

गेल्या वर्षी त्यांना बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी गेलो. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो. अर्धं अंग गेलं होतं. आवाज पुसट झाला होता.

"मैदानात... कोण न्हाय?"

"कुणीच न्हाय, तात्या."

त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "तू तरी जात जा." मी मान हलवली. जे सांगायला गेलो होतो ते तसंच घेऊन परत आलो. आठ दिवसांनी ते गेले.

किरण आता बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जातो. पहाटेची पाळी. एके दिवशी दुपारी स्टँडवर उतरला, तेव्हा मी त्याला गाठलं आणि तिथंच कट्ट्यावर बसून सगळं सांगितलं. सही, फोन, टाइप केलेली नावं, बुटाची नाडी. एक एसटी आली, गेली.

"अण्णा, हे तात्या असताना सांगायचं हुतं," तो म्हणाला आणि उठून गेला.

दुसऱ्या संध्याकाळी मी पंचायतीतून तात्यांची ती चावी मागून घेतली आणि मैदानावर पाणी सोडलं. मला अंदाज कुठला? अर्ध्या मैदानाचा चिखल झाला. कट्ट्यावरची पोरं बघायला आली आणि हसायला लागली. चार दिवस असंच चाललं. रोज चिखल, रोज हसायला दोन पोरं जास्त.

पाचव्या दिवशी किरण आला. कारखान्याचे बूट पायांतच.

"पाइप द्या हिकडं. रान भिजवताय का?"

त्यानं कडेची कोरडी माती घमेल्यानं आणून पसरली. पोरांना राख आणायला पिटाळलं. रेघ थोडी तिरकीच आली. दहा-बाराजण खेळायला लागले. ऊन उसाच्या शेंड्यांवर गेलं होतं, आणि तो जुना सूर पुन्हा ऐकू यायला लागला, लांबून आल्यासारखा.

किरण कडेला उभा होता. त्यानं पोरांवरून सावकाश नजर फिरवली.

"काल आलेला त्यो चष्म्यावाला कुठं हाय?"

"रोहन व्हय? घरी बसलाय. बाद झाला म्हणून रुसलाय."

किरणनं बुटांचा चिखल रेघेबाहेर झटकला. "चालू द्या," म्हणाला, आणि रोहनच्या घराकडं चालायला लागला.