ठाण्यात दिलेलं नाव

सन १९८८, दिवाळीच्या आधीचा रविवार, दुपार. जागा: आदिलाबाद, आमच्या किराणा दुकानामागची खोली. हजर: माझे वडील, सकाळच्या बसने बेल्याहून आलेले. माझी आत्या, मावल्याहून चालत आलेली. तहसील कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे म्हातारे अर्जनवीस, कारण आमच्यापैकी कोणालाच उर्दू वाचता येत नव्हतं. आणि मी. सासूबाईंना बोलावलं नव्हतं, पण त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. गैरहजर: माझा नवरा. त्याला नेमकं त्याच दुपारी गोदामात काम निघालं.

मी हजेरी लिहून ठेवते, कारण आमच्या घरात पुढे प्रत्येक जण म्हणतो की मी तिथे नव्हतोच.

आत्या म्हणजे वडिलांचा पाठचा भाऊ. मुलगा म्हणून वाढवलेली, मिसरूड फुटायच्या वयात घरातून निघून गेली, काही वर्षं हैदराबादेत काढली आणि परत आली ती लुगडं नेसून. आजोबांनी दार उघडलं नाही. गावात कोणी तिला पाणी दिलं नाही, पण बघायला सगळे आले. वडिलांनी तिला बैलगाडीत बसवून मावल्याला नेलं आणि विहिरीजवळचा जमिनीचा एक तुकडा पिकातल्या वाट्यावर, बटईने मिळवून दिला. तिथे ती पालक, मेथी, अंबाडी लावायची आणि आदिलाबादच्या भाजीबाजारात आणून विकायची. मी लहानपणापासून तिला आत्याच म्हणते. मला जे दिसलं ते मी म्हटलं, आणि ते बदलायला मला नंतर काही कारण सापडलं नाही. वडील तिला कोणतीच हाक मारत नसत. बोलायचं असलं की "हे पाय", म्हणजे हे बघ, अशी सुरुवात करायचे.

त्या रविवारी प्रश्न एकच होता. आत्याने भाजीबाजारात बसायचं की नाही.

बाजारात टिनाच्या शेडखाली तिची जागा होती. दुपारी ऊन लागत नाही आणि पालक सुकत नाही, म्हणून त्या जागेवर सगळ्यांचा डोळा. तिच्या शेजारी नव्याने बसायला लागलेल्या एका बाईने ठाण्यात जाऊन कागाळी केली. मग एक जमादार आला, काठीच्या टोकाने आत्याचा पदर उचलला आणि बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला की निजामाच्या काळचा कायदा आहे, हिजड्याने बाईच्या कपड्यात रस्त्यावर दिसायचं नाही. उद्यापासून शर्ट-पायजमा घालून यायचं, नाहीतर आत टाकीन. लोक हसले. हसणाऱ्यांत आमची गिऱ्हाइकं होती. कोण कोण ते मला पाठ आहे.

कायदा खरा होता. निजाम जाऊन चाळीस वर्षं झाली होती, आंध्र प्रदेश होऊन तीस. डब्यावरची चिठ्ठी नवी चिकटवली होती, आतला माल तोच. तो कायदा पाहिलेला माणूस आदिलाबादेत शोधावा लागला असता. धमकी द्यायला मात्र तो कोणालाही पुरत होता.

आता वडिलांचं सांगायला हवं. गावोगाव अजून पटवारी होते त्या काळी वडिलांच्या चुलतभावाने आमच्या नदीकाठच्या वावरावर हक्क सांगितला होता. भांडण वाढलं, कचेरीत गेलं. तिथे पहाणी उघडली. पहाणी म्हणजे दरवर्षी कोणत्या वावरात कोणाचा कबजा आणि कोणतं पीक, याची सरकारी नोंद. कबज्याच्या रकान्यात वडिलांचं नाव निघालं आणि चुलतभाऊ गप्प बसला. तेव्हापासून वडिलांचा एकाच गोष्टीवर विश्वास: सरकारच्या रजिस्टरात नाव चढलं की माणूस पक्का. आमच्या सीमेवरच्या गावांत हे सगळ्यांचंच म्हणणं. ज्याचं नाव नाही त्याला कोणीही हुसकतो. ज्याचं आहे त्याच्या अंगाला कोणी हात लावत नाही.

बाजारातला प्रकार कळल्यावर वडिलांनी अर्जनवीसांना गाठून विचारलं होतं की असा काही कायदा आहे का. ते म्हणाले, आहे, आणि त्यात हिजड्यांचं एक रजिस्टरही ठेवतात. वडिलांनी रजिस्टर हा शब्द ऐकला आणि पुढचं ऐकायचं सोडून दिलं. रविवारी खोलीत बसल्या बसल्या त्यांनी निकालच सांगून टाकला.

"सोपी गोष्ट हाय. नाव चढलं का जमादार काऊन तरास देईन?"

आत्या भिंतीला टेकून बसली होती.  मी अर्जनवीसांना म्हटलं की अर्ध्यावर काम करायचं नाही. आणलेलं पुस्तक पहिल्या ओळीपासून वाचा आणि प्रत्येक कलम झालं की हिंदीत सांगा.

त्यांनी पिवळं पडलेलं छापील पुस्तक डोळ्यांजवळ धरलं. पहिल्यांदा रजिस्टर आलं. त्यात कोणाची नावं लिहायची तेही आलं: ज्यांच्यावर मुलं पळवल्याचा, मुलांना खच्ची केल्याचा किंवा निसर्गाविरुद्ध कृत्य केल्याचा संशय आहे अशा हिजड्यांची. दारातलं सूप थांबलं. पुढचं कलम आलं. रजिस्टरात नाव असलेला हिजडा बाईच्या कपड्यांत किंवा दागिन्यांत रस्त्यावर दिसला, किंवा रस्त्यावरून दिसेल असा उभा राहिला, तर त्याला वॉरंटशिवाय पकडायचं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही.

मी विचारलं, ज्याचं नाव रजिस्टरात नाही त्याचं काय?

अर्जनवीसांनी पान मागे उलटलं, बोट ठेवून पुन्हा वाचलं. "जिसका नाम उसमें नहीं, उस पर ये दफा लगती नहीं, बहनजी."

म्हणजे जमादाराची धमकी पोकळ होती. लुगडं गुन्हा नव्हतं; नाव चढल्यावर ते गुन्हा होणार होतं. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. नाव द्यायचं नाही. उद्या आत्या आपल्या जागेवर बसेल, मी दुकान नोकरावर सोडून तिच्याजवळ बसेन, आणि जमादार आला तर हेच पुस्तक दाखवू. मी उठून चहा ठेवायला निघाले.

"मी तं देऊन आलो," वडील म्हणाले.

"काय देऊन आला, बाबा?"

"नाव. शुक्रवारी. ठाण्यात जाऊन."

आत्याचं जन्माचं नाव, बापाचं नाव, गाव, वय, मावल्यातली खोली कोणाच्या घराच्या मागे आहे ते, सगळं वडिलांनी नीट सांगितलं होतं. जमादार लिहीत असताना अक्षर चांगलं काढा असंही सांगितलं होतं. जमादाराने त्यांना खुर्ची दिली होती. उभ्या आयुष्यात पोलिसाने त्यांना खुर्ची दिली ती तेवढीच, आणि हे सांगताना त्यांचा आवाज अजून जरा चढलेला होता. पुस्तकात काय आहे ते नुकतंच ऐकूनसुद्धा.

आत्या पहिल्यांदा बोलली. "दादा, मी काय वावर हाओ का, पहाणीत चढवाले?"

"तुह्या भल्यासाठीच केलं."

"इचारलं असतं मले."

 सासूबाईंनी संधी सोडली नाही. पोरं पळवणाऱ्यांच्या यादीत सख्ख्या भावाने नाव घातलं, म्हणजे भावाला काही माहीत असेल तेव्हाच ना, असं तांदळाकडे बघत म्हणाल्या, आणि अशा माणसाचं आमच्या दुकानात येणं आता बंद झालेलं बरं, लेकराबाळांचं घर आहे. मी त्यांना म्हटलं, तांदूळ झाले असतील तर आत न्या. त्यावरून पुढे महिनाभर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. आत्या चहाला थांबली नाही. तिच्यासाठी वेगळा ठेवलेला पेला तसाच पालथा राहिला.

सोमवारी सकाळी मी वडिलांना घेऊन ठाण्यात गेले. या वेळी खुर्ची मिळाली नाही. आम्ही नाव परत मागितलं. जमादार म्हणाला, दिलेलं नाव परत मिळायला ही काय भाजी आहे का. मग जरा नरमल्यासारखं करून त्याने रस्ता सांगितला: माणसाला पुरुषाच्या कपड्यांत इथे उभं करा, तो पुरुष असल्याचा सरकारी डॉक्टरचा दाखला आणा, आणि पुन्हा कधी बाईचे कपडे घालणार नाही असं त्याच्या सहीने लिहून द्या, मग बघू. वडील मान डोलावत होते. त्यांना तो रस्ता वाजवी वाटला. परतताना मला म्हणाले, एक दिवस शर्ट घातला तर काय बिघडते?

हेच त्यांनी मावल्याला जाऊन आत्याला सांगितलं. ती वाफ्यात बसून मेथी उपटत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"मी मी नोहो, असं लेहून देऊ काय? मंग तुह्या त्या रजिस्टरातच राहते मी, दादा. निदान तिथं तरी हाओ म्हणून लेहलं हाय."

त्यानंतर ती आदिलाबादच्या बाजारात बसली नाही. मी चार-सहा वेळा म्हटलं की चल, बघू काय करतात. ती म्हणायची, तुरुंगात पुरुषांच्या कोठडीत टाकतील, मग तिथे तू माझ्याजवळ बसशील का?  शेडखालच्या जागेवर त्या शेजारच्या बाईने दुसऱ्याच दिवशी पोतं अंथरलं होतं. मी तिला हटकलं तर म्हणाली, "जागा काय कोनाच्या बापाची हाय काय? अन् तुमाले काऊन एवढी आग लागली?" बाजूच्या बायांनी डोकी खाली घालून भेंड्या रचल्या. त्यांच्यातल्या दोघींच्या घरी पाळणा हलला तेव्हा आत्याला मुद्दाम बोलावून बाळाच्या डोक्यावर हात ठेवून घेतला होता. आशीर्वादाला चालली, बाजूला बसायला नको.

वाट अर्जनवीसांनीच दाखवली. जिथे निजामाचं राज्य होतं तिथेच हा कायदा. पैनगंगेचा पूल ओलांडला की वऱ्हाड, तिथे हा लागत नाही. मग आत्या मावल्याच्या फाट्यावर नागपूरकडची बस धरून पांढरकवड्याच्या बाजाराला जाऊ लागली. पुलापर्यंत लुगड्यावरून वडिलांचा जुना लांब सदरा आणि डोक्याला मुंडासं. पूल गेला की मुंडासं सोडायचं, सदरा काढून पालकाच्या गाठोड्यावर टाकायचा, पदर सारखा करायचा. कंडक्टरला ते ठाऊक झालं. पूल आला की तो मागे वळून ओरडायचा, "महाराष्ट्र आला व मावशे, हो बाई आता." रोज तेच वाक्य आणि रोज अख्खी बस हसायची. एकदा मी बरोबर होते. मी कंडक्टरला बोलायला उठले तर आत्याने माझा हात दाबून खाली बसवलं. म्हणाली, याच्याशी भांडली तर उद्या हा बस थांबवणार नाही.

पांढरकवड्यात काही तिला कोणी ओवाळलं नाही. तिकडेही टोमणे होते, पोरं खडे मारायची, एक व्यापारी तिच्या जुड्यांना हात न लावता काठीने उलटून बघायचा. पण तिथल्या पोलिसाला तिला हाकलायचं असेल तर दुसरं निमित्त शोधावं लागायचं, आणि त्या उन्हात कोणी एवढी मेहनत घेत नाही. एवढ्याच आधारावर तिने वर्षानुवर्षं धंदा केला.

आता सन १९९८ संपत आलं आहे. आत्याच्या गुडघ्यांत पाणी भरतं, बसची पायरी चढवत नाही. पांढरकवडा बंद झालं. आदिलाबादच्या शेडखाली त्या बाईची सून बसायची, ती नवऱ्याकडे निजामाबादला गेली आणि जागा मोकळी आहे. जमादार कधीचाच बदलून गेला. म्हणून मी पुन्हा ठाण्यात गेले. नवीन साहेबांनी असला कायदाच कधी ऐकला नव्हता. रजिस्टर विचारलं तर शिपायाने कपाट उघडून दाखवलं, म्हणाला, असलं काही आमच्याकडे नाही. मी म्हटलं, मग तसं लिहून द्या. साहेब हसले. जे नाही ते नाही असं कोणी लिहून देतं का? कलेक्टर कचेरीत गेले तर तिथल्या कारकुनाने उलट सांगितलं की कायदा आहे, रद्द झालेला नाही, रजिस्टर पोलिसांकडेच असतं. म्हणजे नाव आहे असंही कोणी म्हणत नाही आणि नाही असंही कोणी म्हणत नाही. ज्याला ती जागा हवी असेल त्याने फक्त एखादा जमादार शोधायचा.

वडिलांना आता दिसत नाही. मी बेल्याला गेले की खाटेवरून विचारतात, कमी झालं का नाव? नाही म्हटलं की माझ्यावरच चिडतात, की शिकलेली असून तुला एवढं जमत नाही. शुक्रवारी ठाण्यात कोण गेलं होतं हे मी त्यांना ऐकवते. आमचं बोलणं तिथेच संपतं.

आत्याला मी म्हटलं, कागद येईल तेव्हा येईल, तू बसायला लाग. ती म्हणाली, "कागद आण पोरी, मंग बसते. या वयात जेलात नाही जावाचं मले."

अर्जनवीस गेले, त्यांच्या मुलाने तेलुगूत अर्ज करून दिला आहे. तो जिल्ह्याच्या मोठ्या पोलीस कचेरीत घेतला नाही, साहेब दौऱ्यावर आहेत म्हणाले. असं नाव आमच्या कोणत्याही रजिस्टरात नाही, एवढं शिक्क्यानिशी तिथून लिहून आणायचं काम अजून व्हायचं आहे.